पाय कुठे भिजले? विटावा–दिघा पट्ट्यातल्या प्रकल्प नोंदी (मे ते सप्टेंबर 2025)

14 मे, बुधवार

पत्र पोचलं, पण भलतीकडेच. 'वन हेल्थ समन्वय बैठकीबाबत' असा विषय घालून आमच्या संस्थेने पाच खात्यांना पत्रं दिली होती. एका ठिकाणी आवक-जावक सांभाळणाऱ्या ताईंनी त्यातला 'वन' (इंग्रजीतला, म्हणजे 'एक') तेवढा वाचला आणि पत्र सरळ वन विभागाकडे मार्क केलं. आज तिथल्या वनरक्षकांचा फोन आला, "मॅडम, यात आमची हद्द कुठे येते ते सांगा, म्हणजे उत्तर लिहिता येईल." ताईंचं काही चुकलं नाही. देवनागरीत 'वन' लिहिल्यावर कोणीही जंगलच वाचणार. यापुढे विषय असा: 'माणूस, जनावर आणि पाणी यांतून पसरणाऱ्या आजारांवर एकत्र काम'. लांबलचक आहे, पण कळतं तरी. वनरक्षकांना बैठकीला या म्हटलं. ते "बघतो" म्हणाले.

कामाचा आवाका परत लिहून ठेवते, कारण बोलता बोलता तो वाढत जातो. आजार एकच, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस: उंदराच्या, जनावरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा आणि खरचटलेल्या पायातून अंगात शिरणारा. पट्टा विटाव्यापासून दिघ्यापर्यंत. रिक्षाने दहा मिनिटं. पण विटावा ठाणे महापालिकेत आणि दिघा नवी मुंबई महापालिकेत. मधे रेल्वे, एमआयडीसी, पारसिकच्या डोंगरावरून खाडीकडे उतरणारे नाले, चाळी, गोदामं, तबेले. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि प्राणी आरोग्य संघटना यांच्या जोडीला अशा एकत्र कामात संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणवाली यूएनईपी बसायला 2022 उजाडलं. त्या मानाने आम्हाला फार उशीर झालेला नाही.

26 मे, सोमवार

पाऊस आला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून, हा 16 दिवस आधीच हजर. नालेसफाई अर्धवट. काढलेला गाळ सुकायला काठावर टाकला होता, तो दुपारपर्यंत पुन्हा नाल्यात.

मुकादमाला विचारलं, गमबूट कुठे? म्हणाला, टेम्पोत. का? एका कामगाराने बूट आणून उलटा करून दाखवला. तळाला खिळ्याने पाडलेली दोन भोकं. म्हणाला, "ताई, पाणी वरून शिरतं. बूट भरला की जड होतो, गाळात रुततो. पाय निघतो, बूट तिथेच. भोक पाडलं की पाणी निघून जातं." म्हणजे पाय पाण्यातच, फक्त रबरात गुंडाळलेला. कागदावर मात्र 'गमबूट वाटप पूर्ण'. नडगीवर खरचटल्याच्या खुणा जवळपास प्रत्येकाच्या. लेप्टोच्या जंतूला एवढी फट पुरते.

मांडीपर्यंतच्या बुटांची किंमत काढायची.

3 जून, मंगळवार

पहिली बैठक. अकरा खुर्च्या, सात माणसं. सगळ्यांना आपापली नोंदवही आणायला सांगितलं होतं आणि सगळ्यांनी आणली, हेच मोठं. वह्या टेबलावर उघडून ठेवल्या आणि खरी पंचाईत तिथे कळली.

आरोग्याच्या वहीत रुग्णाचा राहता पत्ता. मूषक नियंत्रणाच्या वहीत प्रभाग आणि बिळांचा आकडा. पशुवैद्यकांकडे मालकाचं नाव आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर. नालेवाल्यांकडे 'मोरीपासून इतके मीटर'. घनकचऱ्याकडे गाडीचा मार्ग. दिघ्यातली एक गल्ली घेतली. पाच वह्यांत तिचे पाच पत्ते, आणि पाचपैकी एकही तिथल्या माणसांच्या तोंडात नाही. वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आशा स्वयंसेविका, आमच्या आशाताई, म्हणाल्या, "ती होय, पेंडवाली गल्ली!" कोणाच्याच वहीत हे नाव नव्हतं.

पशुवैद्यक डॉक्टर जरा वैतागूनच बोलले, पण मुद्द्याचं बोलले. "बर्ड फ्लू असता तर तुम्हाला पत्रं लिहावी लागली नसती." फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूरजवळच्या वेहळोलीला कोंबड्या मेल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, एक किलोमीटरचं बाधित क्षेत्र, दहा किलोमीटरपर्यंत सर्वेक्षण, पक्षी मारून पुरले. कोणी काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. लेप्टोत तसं काही घडत नाही. उंदीर आजारी पडत नाही, तो आयुष्यभर लघवीतून जंतू सोडत मजेत फिरतो. म्हैस फार तर गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, किंवा दूध कमी देते. मरतो तो माणूस, आणि तो मेला की प्रकरण एकट्या आरोग्य खात्याचं होतं.

मग आशाताईंनी ते वाक्य टाकलं. "ताप आलेल्याला आपण विचारतो, राहतोस कुठे. अहो, तिथे तो फक्त झोपतो. विचारायला पाहिजे, पाय कुठे भिजले?"

सगळे गप्प. मग आरोग्यच्या मॅडम म्हणाल्या, रुग्णनोंदीच्या सरकारी पोर्टलवरच्या फॉर्मात आपल्याला रकाना वाढवता येत नाही, तो दिल्लीहून ठरतो. खरं आहे. म्हणून केसपेपरच्या मागच्या बाजूला रबरी शिक्का मारायचा ठरलं. 'पाय कुठे भिजले? तारीख?' एवढंच. खर्च संस्थेचा, म्हणजे मंजुरीची भानगड नाही.

वनरक्षक आले नाहीत.

10 जून, मंगळवार

पशुवैद्यक बकरी ईदच्या ड्युटीतून मोकळे झाले. शिक्का आला. 'पाय कुठे भाजले?' परत केला.

19 जून, गुरुवार

मूषक नियंत्रणाच्या दोन दादांबरोबर पेंडवाल्या गल्लीत. बिळं मोजायची पद्धत आज पहिल्यांदा नीट पाहिली. दिसलेलं प्रत्येक बीळ म्हणजे उंदीर नव्हे, जुनी ओस पडलेली बिळंही असतात. म्हणून संध्याकाळी सगळी तोंडं ओल्या मातीने लिंपून टाकायची, शेजारी खडूची खूण करायची आणि घरी जायचं. रात्रीत जी आतून उकरली जातील ती नांदती.

मोठे दादा वीस वर्षं हेच काम करतायत. बिळाच्या तोंडाशी हात धरून सांगतात. कडा गुळगुळीत, तेलकट असल्या की वाट वापरातली, कारण उंदराच्या अंगाचं तेल लागतं. कोळ्याचं जाळं असलं तर सोडून द्या. तबेल्याच्या मागच्या भिंतीला लागून, सरकी पेंडीच्या पोत्यांखाली, सगळ्या कडा तेलकट होत्या.

20 जून, शुक्रवार

सकाळी सहाला परत. लिंपलेल्या बेचाळीस तोंडांपैकी एकोणतीस उघडी. चाळीच्या बाजूची बहुतेक जशीच्या तशी बंद, तबेल्याच्या आणि गोदामाच्या भिंतीकडची जवळपास सगळी मोकळी. आजवर गोळ्या टाकल्या जात होत्या त्या चाळीच्या बाजूला, कारण तक्रार चाळीतून येते. तबेलेवाला कशाला तक्रार करेल?

झिंक फॉस्फाईडच्या, म्हणजे उंदराच्या विषाच्या, आधी दोन दिवस साधं, बिनविषारी खाणं ठेवावं लागतं. उंदीर नव्या खाण्याला बिचकतो. थोडं चाखून पोट बिघडलं की पुन्हा तोंड लावत नाही. एका कंत्राटात या दोन दिवसांचे पैसे धरलेलेच नव्हते, असं दादा म्हणाले. पैसे गोळ्यांच्या संख्येवर.

6 जुलै, रविवार

जागतिक प्राणिजन्य आजार दिन. 1885 साली याच दिवशी पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस दिली, म्हणून ही तारीख. यंदा नेमकी आषाढी एकादशी. बॅनर लावला, तो दिंडीच्या फोटोंत मागे छान आला आहे. कार्यक्रमाला नऊ जण. साबुदाणा खिचडी संपली.

17 जुलै, गुरुवार

तबेल्यात. तीन फेऱ्या दारातून परत आल्यावर आज चहा मिळाला. मालक काका साठीचे. आधीच्या खेपांना आम्ही 'तपासणी' म्हणत होतो. आज पशुवैद्यक डॉक्टरांनी तो शब्दच उच्चारला नाही. म्हशीच्या पाठीवर थाप मारली, कासेला हात लावून बघितला आणि सहज विचारलं, "काका, वर्षात किती रिकाम्या गेल्या?"

रिकाम्या, म्हणजे गाभडलेल्या. काका म्हणाले तीन, मग थोड्या वेळाने म्हणाले पाच. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. आणि त्यांनी आपण होऊन सांगायचं कारणही नाही, दूध घेणारी गिऱ्हाइकं उद्या सकाळी शेजारच्या तबेल्यात जातील. शिवाय इथल्या तबेल्याचा हिशेब वेगळा. दुधावर असलेली म्हैस आणायची, आटली की गावी धाडायची किंवा विकून टाकायची. एका म्हशीची पूर्ण हकीकत एका जागी कधी राहतच नाही. कानातला बिल्ला आहे, पण तो वाचतो कोण?

सहा म्हशींच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. लाल टोपणाच्या बाटल्या, तिरप्या ठेवलेल्या, रक्त गोठून वर पिवळसर द्रव सुटेपर्यंत. मग बर्फाच्या डब्यात. पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातील. काकांना शब्द दिला की निकाल आधी त्यांना सांगू आणि तबेल्याचं नाव बैठकीच्या कागदावर येणार नाही. याही वहीत ते नाही.

निघताना गल्लीतली गटार पाहिली. तबेल्याचं धुवण, पेंडीचा चुरा आणि नाल्याचं उलटं आलेलं पाणी, सगळं एकत्र, घोट्याएवढं. गटार कोणाची? तिघांना विचारलं. तीन उत्तरं, तिन्ही 'आमची नाही'.

29 जुलै, मंगळवार

गोदामाच्या पत्र्याखाली मेलेलं गव्हाणी घुबड मिळालं. पांढरा, बदामासारखा चेहरा. कामगार हात लावेनात, अपशकुन म्हणून. त्या निमित्ताने मेच्या फोनवाले वनरक्षक आले, आणि आता त्यांची हद्द कुठे येते ते विचारायची गरज उरली नाही. घुबड वन्यजीव कायद्यात आहे.

घुबड कशाने मेलं ते शवविच्छेदनाशिवाय सांगता येणार नाही, आणि ते व्हायच्या अवस्थेत नव्हतं. पण शेजारच्या गोदामवाल्याने स्वतःच बाजारातून ब्रोमॅडिओलोनच्या वड्या आणून टाकल्या होत्या. या विषाने उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस सुस्त फिरतो, मोकळ्यावर येतो आणि आयता सापडतो. घुबड, घार, मांजर, धामण, जो खाईल त्याच्या यकृतात विष साठत जातं. उंदीर फुकटात मारणाऱ्यालाच आपण मारतोय.

मूषक नियंत्रणाचे दादा आणि वनरक्षक पाऊण तास बोलत उभे होते. मी मधे पडले नाही. ठरलं ते असं: पेंडीच्या पोत्यांजवळ पिंजरे, विष फक्त बिळाच्या आत आणि तोंड लिंपून, मेलेले उंदीर रोज सकाळी उचलायचे. बैठकीचं इतिवृत्त नाही, सही नाही. एवढ्या महिन्यांतला सगळ्यात कामाचा पाऊण तास.

12 ऑगस्ट, मंगळवार

बैठक वाया. काल सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांना उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, आज सगळे त्यावरच. दिल्लीचा आदेश दिघ्याला लागू आहे का, हे विचारायच्या आत दोन तट पडले होते. एक मुद्दा तेवढा टिपून घेतला: नसबंदीच्या वेळी भटक्या कुत्र्याला रेबीजची लस मिळते आणि कानाला खाच पाडतात. लेप्टोची लस असते ती घरच्या कुत्र्यांच्या एकत्रित लसीत. म्हणजे गटारीतल्या पाण्याशी ज्याचा रोजचा संबंध, तो कुत्रा लेप्टोपुरता उघडाच.

(22 तारखेला आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री पुन्हा जागेवर सोडायची, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी वगळून. सप्टेंबरच्या बैठकीत कोणीही विषय काढला नाही.)

19 ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज. विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी, सीएसएमटी ते ठाणे लोकल बंद. मी कळव्यात घरीच अडकले. आईने नेहमीप्रमाणे 26 जुलै 2005 काढला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. लोकांना पाणी आठवतं. पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये लेप्टोने माणसं गेली, ते फारसं कोणाला आठवत नाही.

फोनवरून एवढंच झालं: दोन्ही बाजूंच्या आरोग्य केंद्रांत डॉक्सीचा (डॉक्सिसायक्लिन, लेप्टो होऊ नये म्हणून द्यायची गोळी) साठा किती ते विचारलं. पाण्यातून चालल्यापासून 72 तासांत गोळी पोटात जायला हवी, ते आजपासून धरायचे.

21 ऑगस्ट, गुरुवार

गोळ्या वाटप. मोठ्यांना 200 मिलिग्रॅम, म्हणजे शंभरच्या दोन कॅप्सूल. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही नाही, त्यांना डॉक्टर दुसरी देतात. जेवून घ्या, भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेऊन लगेच आडवे होऊ नका, नाहीतर छातीत जळजळतं. हे शेवटचं कोणी सांगत नाही आणि पहिल्याला जळजळलं की पुढचे दहा जण गोळी खिशात टाकतात. म्हणून आशाताई कळशी आणि पेला घेऊनच फिरल्या. समोर गिळायला लावली.

नालेकामगारांना आठवड्याला एकदा द्यायची आहे. कंत्राटदाराकडे त्यांची यादी मागितली. आलेल्या यादीत प्रत्येकाचा पत्ता एकच, कंत्राटदाराच्या ऑफिसचा.

1 सप्टेंबर, सोमवार

दवाखान्यातून मॅडमचा फोन. विटाव्याचा तरुण, तीन दिवस ताप. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. पोटरी दाबली तर ओरडला. रक्त पीसीआरला गेलं, त्यात थेट जंतू शोधतात, कारण आठवड्याच्या आत आयजीएम (आजाराविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं) सापडेलच असं नाही. डॉक्टरांनी निकालाची वाट न बघता औषध सुरू केलंय.

4 सप्टेंबर, गुरुवार

पीसीआर पॉझिटिव्ह. पोरगा बरा आहे, लघवीचं प्रमाण ठीक, कावीळ नाही.

त्याच्या घराभोवती विटाव्यात काल धूरफवारणी झाली. लेप्टोसाठी धूर! पत्ता मिळाला की काहीतरी करायचं असतं, तसं झालं. पाणी तुंबलेलं नव्हतं, बिळंही दोनच.

केसपेपर उलटा केला. शिक्का होता. आशाताईंच्या अक्षरात: 'पेंडवाली गल्ली, 18 ते 20 ऑगस्ट, रोज.'

तो दिघ्याच्या गोदामातून तबेल्यांना पेंडीची पोती पोचवतो. अनवाणी, कारण खांद्यावर पोतं असताना चप्पल निसटते. विटाव्याच्या वहीत तो रुग्ण आहे, दिघ्याच्या वहीत त्याचं नावही नाही. शिक्का नसता तर फाईल धुरावर बंद झाली असती. मागच्या महिन्याचे तापाचे केसपेपर काढून बसलो. शिक्क्यावर तीच गल्ली लिहिलेला आणखी एक निघाला, दिघ्याचाच, 'व्हायरल' म्हणून घरी गेलेला. त्याला परत बोलावलंय.

11 सप्टेंबर, गुरुवार

औंधहून निकाल. सहा म्हशींपैकी दोघींच्या रक्तात लेप्टोविरुद्धची प्रतिपिंडं. म्हणजे कधीतरी गाठ पडली आहे, एवढंच. पोराला म्हशीकडून झालं की उंदराकडून, हे यावरून ठरत नाही. त्यासाठी दोघांकडचा जंतू कुठल्या जातीचा ते जुळवावं लागेल. बैठकीत कोणीतरी 'म्हशींमुळे' म्हणणारच, म्हणून हे आधीच लिहून ठेवते. कदाचित म्हशींनाही त्याच गटारीतून मिळालं असेल.

ठरल्याप्रमाणे आधी काकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "धार काढणाऱ्या पोरांना पण गोळी मिळेल का?"

18 सप्टेंबर, गुरुवार

बैठक पेंडवाल्या गल्लीतच, उभ्याने. बसायला जागा नसल्याने पंचवीस मिनिटांत संपली. पोती जमिनीवरून उचलून लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब. फोडलेलं पोतं झाकणाच्या पिंपात. पिंजरे दोन्ही बाजूंना. धार काढणाऱ्यांना आणि हमालांना डॉक्टर तपासून काय द्यायचं ते ठरवतील. पशुवैद्यक इथून पुढे गाभडलेल्या म्हशींची वेगळी वही ठेवणार, मालकाच्या नावाशिवाय, बिल्ल्याच्या नंबरावर.

गटार अजून कोणाचीच नाही. तिघांनी एकत्र मोजणी करायचं मान्य केलंय. तोवर काकांनी स्वतः दोन माणसं लावून तबेल्यासमोरचा भाग उपसला. गाळ मात्र काठावरच टाकला. हे दृश्य मी मे महिन्यातही पाहिलं होतं. घनकचऱ्याच्या मुकादमांना तिथूनच फोन लावला, संध्याकाळी गाडी आली.

मांडीपर्यंतच्या बुटांचे चार जोड नमुन्याला आले. एकाला अजून भोक पडलेलं नाही, कारण तो कोणी घातलेला नाही. बाकी तिघे म्हणतात, गरम होतं पण चालेल.

30 सप्टेंबर, मंगळवार

परत बोलावलेल्याचा आयजीएम पॉझिटिव्ह आला. माणूस कामावर आहे.

विटाव्याच्या केंद्राने तोच शिक्का मागितलाय. आपल्या शिक्क्याचा 'पाय' झिजून नुसता काना उरला आहे. दोन नवीन टाकले. दुकानदाराला 'भिजले' मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि समोर वाचून घेतलं.